खेळाचे कलापण : कागल-कोल्हापूर परिसरातील एका वादाचा पूर्वेतिहास

व्हिडिओ गेम ही कला मानावयाची की नाही, हा प्रश्न इंग्रजी-अमेरिकन समीक्षेत गेली दोन दशके ज्या रीतीने विचारला गेला, त्या रीतीने तो मराठीत उचलून आणणे फारसे फलदायी ठरत नाही. त्या मांडणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. खेळ आणि कला हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, ही पहिली. आणि त्यांपैकी कलेचा वर्ग प्रतिष्ठेने वरचा आहे, म्हणून खेळाला कला म्हणणे म्हणजे त्याला बढती देणे होय, ही दुसरी. या दोन्ही गृहीतांना युरोपात विशिष्ट इतिहास आहे. महाराष्ट्रात, आणि त्यातही जुन्या कोल्हापूर संस्थानाच्या प्रदेशात, खेळ आणि कला यांचे संबंध वेगळ्या वाटेने घडले. कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेस, निपाणीच्या वाटेवर असलेले कागल हे गाव या वेगळ्या इतिहासाच्या दोन टोकांशी जोडलेले आहे : कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू छत्रपतींनी कुस्ती आणि नाटक यांना शेजारी वसविले, आणि कागलात जन्मलेल्या आनंद यादवांनी पहिलवानी बांध्याच्या माणसाला तमाशातील नाच्या करून त्या शेजाराची किंमत मोजून दाखविली.

प्रथम शब्दाचा विचार करावयास हवा. मराठीतील ‘खेळ’ हा शब्द विटीदांडूला, पत्त्यांना व कुस्तीला लागतो. तसाच तो तमाशाच्या फडाला, कळसूत्री बाहुल्यांना, दशावताराला, कोकणातील नमन-खेळ्यांना आणि चित्रपटगृहातील तीन ते सहाच्या प्रदर्शनालाही लागतो. ‘पहिला खेळ’, ‘शेवटचा खेळ’ असे म्हणताना मराठी माणसाच्या मनात क्रीडेचा विचारही येत नाही. जर्मन भाषेतील ‘श्पील’ या शब्दाची व्याप्ती जवळजवळ अशीच आहे, आणि तिचा लाभ दोन तत्त्वज्ञांनी भरपूर घेतला. विट्गेन्स्टाइनच्या १९५३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘खेळ’ या संकल्पनेला समान सत्त्व नसून केवळ कुलसाम्य आहे, हे दाखविले गेले. गाडामरने १९६०च्या ग्रंथात कलाकृतीचे अस्तित्वच खेळाच्या स्वरूपाचे आहे, असे प्रतिपादन केले. या ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत एका शब्दाचे दोन तुकडे पडतात. एक मैदानाकडे जातो, दुसरा रंगमंचाकडे. मराठीत हे तुकडे पडण्याचे कारण नव्हते. मात्र जेव्हा पडद्यावरचा हा नवा प्रकार आला, तेव्हा मराठी भाषकांनी त्यासाठी नाम इंग्रजीतून घेतले आणि क्रियापद आपले ठेवले : ‘गेम खेळणे’. ‘खेळ’ या नामाची रंगभूमीकडची अर्धी छटा येथे गळून पडली, आणि मागाहून ‘पण ही कला आहे काय’ असा प्रश्न विचारण्यास जागा निर्माण झाली.

संस्कृत परंपरेकडे पाहिले तर हा प्रश्न अधिकच परका वाटू लागतो. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य व आलेख्य यांच्याबरोबर द्यूताचे प्रकार, फाशांची क्रीडा, उखाणे आणि मेंढे, कोंबडे, लावे यांच्या झुंजी येतात. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे काय मागतात, तर दृश्य आणि श्राव्य असे ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळण्याजोगे काही. नाट्याची उत्पत्तिकथाच खेळण्याच्या मागणीपासून सुरू होते. या प्रदेशाला आणखी जवळचा पुरावा कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मिळतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात मल्लविनोद, गीतविनोद, वाद्यविनोद, नृत्यविनोद आणि कथाविनोद हे एकाच विंशतीत येतात. कुस्ती आणि गायन यांचे खाते एकच आहे. उलट बुद्धिबळाचा पूर्वज चतुरंग आणि पासक ही पुढच्या, क्रीडांच्या विंशतीत जातात. याचा अर्थ सोमेश्वराला भेद करता येत नव्हता असे नव्हे. त्याने भेद केलाच, पण रेषा निराळ्या ठिकाणी ओढली. राजा जे पाहतो-ऐकतो ते बहुतांशी एका बाजूला, आणि जे स्वतः खेळतो ते दुसऱ्या बाजूला. ‘खेळ की कला’ यापेक्षा ‘प्रेक्षक की खेळाडू’ हा भेद त्याला महत्त्वाचा वाटला, आणि व्हिडिओ गेमच्या संदर्भात तोच अधिक उपयोगी पडेल असे दिसते.

‘ललितकला’ ही संकल्पना या परंपरेतून आलेली नाही. फ्रेंच लेखक बातो याने १७४६ साली ललितकलांना एका तत्त्वाखाली एकत्र आणले. काव्य, संगीत, चित्र, शिल्प, नृत्य यांचा हा गट किती अर्वाचीन आहे, हे क्रिस्टेलर याने १९५१-५२ च्या दोन लेखांकांत दाखवून दिले. गंमत अशी की, या व्यवस्थेला तात्त्विक पाया देणाऱ्या कांटलाही खेळ पूर्णपणे बाहेर ठेवता आला नाही. १७९०च्या ग्रंथात त्याने द्यूत, स्वरांची क्रीडा आणि विचारांची क्रीडा यांची एकत्र चर्चा केली आहे, आणि संगीताला सुंदराच्या बाजूस बसवावे की केवळ सुखदाच्या, याविषयी तो अडखळला आहे. ज्या दारातून आज व्हिडिओ गेमला आत घ्यावे की नाही याची चर्चा चालते, त्याच दारात एके काळी संगीत अवघडून उभे होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

आता कोल्हापूरकडे वळावे. कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तकविधानाने शाहू छत्रपती झाले आणि १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्या आश्रयाची यादी नेहमी दोन स्वतंत्र स्तंभांत दिली जाते : एकीकडे तालमी आणि मल्ल; दुसरीकडे अल्लादिया खाँ, आबालाल रहिमान, केशवराव भोसले, बाबूराव पेंटर. चरित्रकार पहिला स्तंभ महाराजांच्या ‘छंदा’खाली आणि दुसरा त्यांच्या ‘कलाप्रेमा’खाली घालतात. परंतु स्थलरचना ही वाटणी मान्य करीत नाही. १९०२ सालच्या युरोपच्या दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यानंतर महाराजांच्या मनात तशा मैदानाची कल्पना आली, असे सांगितले जाते. खासबागचे कुस्ती मैदान १९१२ साली उभे राहिले. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झाले, जे पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एक बांधकाम वर्तुळाकार, उघडे, मध्यभागी तांबड्या मातीचा हौदा. दुसरे बंदिस्त, एका दिशेने तोंड केलेले, पुढे पडदा. पाठीला पाठ लावून ही दोन उभी आहेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली तेव्हा तिची झळ खासबागेलाही पोचली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

या दोन वास्तू म्हणजे पाहण्याच्या दोन रीती आहेत. नाट्यगृहातील प्रेक्षक एका ठरलेल्या बाजूने पाहतो. त्याला दिसावे असेच सगळे मांडलेले असते. कुस्तीच्या मैदानाला पुढली बाजू नसते. मल्ल प्रेक्षकाकडे तोंड करून डाव टाकीत नाही. ढाक किंवा धोबीपछाड ज्या बाजूला लागते, त्या बाजूच्या प्रेक्षकाला ती नीट दिसते आणि समोरच्याला पाठ दिसते. सौंदर्य येथे घडते, पण ते कोणासाठी रचलेले नसते. तरीही मैदानातील जाणकार ते ओळखतो, आणि त्याची अभिरुची नाट्यरसिकाइतकीच कमावलेली असते. निव्वळ ताकदीने मिळविलेला विजय आणि ‘कसबाने’ मिळविलेला विजय यांत तो भेद करतो. गुणांवर सुटलेल्या कुस्तीपेक्षा निकाली कुस्ती त्याला हवी असते. दोन्ही ठिकाणच्या नादातही एक दुवा आहे. मल्लांच्या लढतीला चढविणारी हलगी तमाशाच्या फडातही वाजते.

मग कुस्ती ही कला होय काय? येथे कोल्हापूरच्या बोलीतील एक संज्ञा निर्णायक ठरते : ‘नुरा कुस्ती’. दोन मल्लांनी निकाल आधी ठरवून केलेली लढत म्हणजे नुरा. शुद्ध रूपवादी दृष्टीने पाहिल्यास नुरा कुस्तीत काहीही कमी नसते. उलट डाव अधिक मोकळे, अधिक देखणे पडण्याचा संभव असतो. आणि संहिता ठरलेली, पात्रे ठरलेली, शेवट ठरलेला म्हटल्यावर ती नाटकाच्या अगदी जवळ जाते. परंतु मैदान तिला कला म्हणून वरच्या पायरीवर चढवीत नाही, फसवणूक म्हणून धिक्कारते. रोलाँ बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये पॅरिसच्या कुस्तीवर जो निबंध लिहिला, तो या संदर्भात आठवतो. तेथील प्रेक्षकाला लढत खरी आहे की ठरविलेली, याची पर्वा नसते. त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची ढळढळीत चिन्हे हवी असतात. बार्थचे विवेचन अचूक आहे, पण ते कुस्तीचे नसून एका विशिष्ट प्रेक्षकवर्गाचे आहे. खासबागेतील प्रेक्षक चिन्ह मागत नाही. चिन्हामागे खरोखरीचा प्रतिकार होता, ही हमी मागतो. खेळाच्या सौंदर्याची ही अट आहे : श्रम खरे असले पाहिजेत आणि शेवट खुला असला पाहिजे. नाटकात या दोन्ही अटी लागू नाहीत. हॅम्लेटचे मरण ठरलेले असल्याची तक्रार कोणी करीत नाही.

हा भेद व्हिडिओ गेमला लावून पाहिला की त्याचे विचित्र स्थान उघड होते. पडद्यावरील राजकन्या सुटणार, हे यंत्र बनविणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. त्या अर्थी सगळा खेळ नुरा आहे. पण खड्डा ओलांडण्यासाठी खेळणाऱ्याला जी उडी साधावी लागते, ती त्याच्याऐवजी कोणी साधून देत नाही. त्या अर्थी तो निकाली आहे. निर्मात्याने प्रतिस्पर्धी, मैदान, नियम आणि विजयाचा अर्थ हे सारे रचावयाचे, आणि श्रम मात्र प्रेक्षकाने करावयाचे, अशी व्यवस्था खासबागेतही नव्हती व पॅलेस थिएटरातही नव्हती. दोन वास्तूंमधील भिंतीत राहणारा हा प्रकार आहे, असे म्हटले तर ते केवळ आलंकारिक ठरू नये.

प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र अजून शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये आहे. यादवांचा जन्म १९३५ सालचा, कागलचा. त्यांच्या ज्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तिचे ‘झोंबी’ हे नावही अंगाला अंग भिडविण्याच्या परिभाषेतले आहे, हे जाता जाता नोंदवावे. ‘नटरंग’मधील गुणाजवळ कमावलेले शरीर आणि तमाशाचे वेड या दोन्ही गोष्टी आहेत. फड उभा राहावा म्हणून कोणी तरी नाच्या व्हावयास हवे. दुसरा कोणी तयार होत नाही, म्हणून तो होतो. पुरुषी शरीर गाळून, मोडून त्याला बायकी हावभावांचे करावे लागते. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ही कादंबरी कलावंताच्या शोकांतिकेची म्हणून वाचली गेली, आणि ते वाचन चुकीचे नाही. पण त्यात एक मुद्दा सुटतो. गुणा खेळाकडून कलेकडे जातो, आणि समाजाच्या लेखी तो वर चढत नाही, खाली घसरतो. तालमीतील शरीराला मान होता, जत्रेत फेटा होता. फडातील शरीराला टवाळी आणि हिंसा मिळाली. म्हणजे या प्रदेशाच्या मूल्यव्यवस्थेत, निदान या दोन प्रकारांपुरता तरी, खेळ वर होता आणि कला खाली होती. रवी जाधव यांच्या २०१० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात नायकाचे आडनाव कागलकर आणि गाव कागल असे स्पष्टच आहे. या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णी यांनी आधी शरीर कमावले आणि मग उतरविले. अभिनयाच्या मागे खरे शारीरिक श्रम आहेत, याची प्रेक्षकांत आणि वृत्तपत्रांत जी चर्चा झाली ती मैदानाच्या निकषाने झालेली चर्चा होती. नट नुरा खेळलेला नाही, असेच जणू प्रेक्षक एकमेकांना सांगत होते.

तमाशाची ‘कला’ म्हणून जी प्रतिष्ठापना झाली, ती त्याचे ‘लोकनाट्य’ असे नवे नाव रूढ होऊन, शहरी लेखक व दिग्दर्शक त्याच्याकडे वळल्यावर झाली. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांना अलीकडे ‘शिवकालीन युद्धकला’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्यामागेही हेच नामांतर आहे. आतील वस्तू तीच राहते. पाहणारा वर्ग बदलतो. कलापण हे गुणधर्माचे नाव आहे की मान्यतेचे, हा सौंदर्यशास्त्रातला जुना झगडा येथे अगदी उघड्यावर चाललेला दिसतो.

चित्रपटाचा इतिहास या दृष्टीने तुलनेस घेतला पाहिजे, कारण तो कोल्हापूरचाच आहे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविणारे बाबूराव पेंटर ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटांपर्यंत पोचले, तेव्हा शासनाच्या दृष्टीने चित्रपट हा करमणुकीचा खेळ होता. ‘सिंहगड’च्याच वर्षी, १९२३ साली, मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा आला, त्याच्या व्याख्येत प्रदर्शन, प्रयोग, गंमत, खेळ आणि क्रीडा हे सगळे एका ओळीत बसतात. कर आकारणाऱ्याला कलामीमांसेचे भेद परवडत नाहीत. अमेरिकेत १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा असल्याचे सांगून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. ते मिळावयास १९५२ साल उजाडले. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हीच वाटचाल पुन्हा घडली. १९८२ साली न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने त्याला पिनबॉल, बुद्धिबळ आणि बेसबॉल यांच्या रांगेत बसवून संरक्षण नाकारले. २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांच्या रांगेत आणून बसविले. पहिल्या प्रवासाला सदतीस वर्षे लागली, दुसऱ्याला एकोणतीस.

भारतात हा प्रवास वेगळ्या रुळांवरून गेला. येथील न्यायालयांनी विचारलेला प्रश्न ‘अभिव्यक्ती की नाही’ हा नसून ‘कौशल्य की दैव’ हा आहे. १९५७च्या चमारबागवाला प्रकरणात बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धांच्या निमित्ताने जुगाराला घटनेचे संरक्षण नाही असे ठरले. १९९५च्या शिवानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे खुद्द व्हिडिओ गेमची यंत्रे आली, तेव्हाही प्रश्न परवान्याचा आणि जुगाराचा होता. यंत्राच्या आत कोणी तरी काही रचले आहे आणि ते वाचता येते, ही शक्यता त्या चर्चेच्या कक्षेत आलीच नाही. २०२२ साली केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा खात्याकडे, ऑनलाइन गेमिंग हा माहिती तंत्रज्ञान खात्याकडे सोपविला. त्याच वर्षी माहिती व प्रसारण खात्याने नेमलेल्या कृतिदलात गेमिंगची गाठ चलच्चित्र, दृश्य परिणाम आणि चित्रकथा यांच्याशी बांधलेली होती. ऑगस्ट २०२५च्या अधिनियमाने ई-स्पोर्ट, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ असे तीन वर्ग करून शेवटच्यावर बंदी घातली. सोमेश्वराच्या विंशती अधिक सुटसुटीत होत्या, असे म्हणावयाचा मोह होतो.

तात्त्विक आक्षेपांपैकी सर्वांत गाजलेला आक्षेप चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांचा. २००५ साली आणि पुन्हा २०१० साली त्यांनी असे मत मांडले की, जेथे जिंकता येते आणि जेथे प्रेक्षकाच्या निवडीने कृतीचा मार्ग बदलतो, तेथे कर्त्याचे नियंत्रण सुटते, म्हणून ती कला होऊ शकत नाही. पुढे काही महिन्यांतच, स्वतः न खेळता हे बोलावयास नको होते, एवढे त्यांनी मान्य केले. आक्षेप मात्र जाणाऱ्याबरोबर जात नाही. त्याचे मूळ असे की कलाकृती म्हणजे एका कर्त्याने पूर्ण करून दिलेली वस्तू, ही कल्पना. अल्लादिया खाँ यांच्या गायकीपुढे ही कल्पना टिकत नाही. राग कोणा एकाचा नाही, बंदिशीचा कर्ता पुष्कळदा वेगळा, आणि मैफिलीत प्रत्यक्ष जे घडते ते आवर्तनागणिक निर्माण होणारे आणि फसण्याचीही शक्यता असलेले. अवघड तानेनंतर समेवर येणे हे साधते किंवा साधत नाही. साधले की श्रोता मान डोलावितो, आणि त्या डोलावण्यात निकाली कुस्तीच्या टाळीतला अंश असतोच. रचना आधी ठरलेली आणि सिद्धी अनिश्चित, ही अवस्था कलेला परकी नाही. ख्यालात आणि व्हिडिओ गेममध्ये खरा फरक अन्यत्र आहे : गाणारा दुसऱ्यासाठी गातो, खेळणारा प्रायः स्वतःसाठीच खेळतो. कर्ता आणि रसिक येथे एकाच देहात आहेत. मंगळागौरीच्या फुगड्या-झिम्म्यांतही ते तसेच असतात. आणि त्यांना आपण शतकानुशतके ‘खेळ’च म्हणत आलो, व्यासपीठावर त्यांच्या स्पर्धा होऊ लागेपर्यंत.

मराठी सौंदर्यशास्त्रात या प्रश्नाला उपयुक्त साधने नाहीत असे नव्हे. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त संवाद, विरोध आणि समतोल यांच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषेत कुस्तीचे वर्णन चित्रापेक्षाही सहज करता येते. परंतु ज्याच्या शरीरात तो विरोध आणि समतोल घडतो त्याच्या अनुभवाला मर्ढेकरांकडे स्थान नाही. त्यांचा आस्वादक नेहमी बाहेर उभा असतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कुलसाम्याची कल्पना तपासली, आणि कला या संकल्पनेला स्वायत्तता व लौकिकता असे दोन ध्रुव आहेत असे दाखविले. ही द्विध्रुवात्मकता खेळालाही लागू पडते, किंबहुना तेथे ती अधिक तीव्र होते : मैदानाच्या रेषेआत जग तुटलेले असते, आणि तरी मोडलेला हात खराच मोडतो. पाटणकरांची चौकट वापरून खेळाची मीमांसा मराठीत पूर्ण करण्यासारखी होती. ती झाली नाही, कारण आपली सौंदर्यचर्चा प्रायः कवितेवर तपासली गेली. अमेरिकेत सी. टी. न्यूयेन यांनी २०२० साली खेळाचे माध्यम कर्तृत्व हे आहे, चित्रकार रंग वापरतो तसा खेळ रचणारा खेळणाऱ्याची उद्दिष्टे आणि क्षमता वापरतो, असे प्रतिपादन केले. हा विचार तालमीतील वस्तादाला नवा वाटला नसता.

अर्थनिर्मितीच्या बाजूने पाहता, या परिसराच्या वाङ्मयेतिहासात व्हिडिओ गेमचा सर्वांत जवळचा पूर्वज मोक्षपट हा आहे. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. संतांनी खेळांचे रूपक पुष्कळ केले. एकनाथांची भारुडे आणि तुकारामांचे खेळांवरील अभंग सर्वांना ठाऊक आहेत. पण तेथे खेळ हा कवितेचा विषय आहे. मोक्षपटात खेळ हीच संहिता आहे. घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे, शिड्या चढविणाऱ्या, साप गिळणारे, आणि शेवटी मोक्ष. वाचकाने ही संहिता डोळ्यांनी वाचावयाची नसून सोंगटी सरकवून वाचावयाची असते. येथे एक मर्मभेदी विसंगती आहे. पट सांगतो की सद्गुण चढवितो व दुर्गुण पाडतो, पण कोणत्या घरात जावयाचे हे कवड्या ठरवितात. खेळणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य नाही आणि फळ मात्र नैतिक आहे. कर्मसिद्धान्ताचा पुरस्कार करणारा हा पट खेळताना त्याच सिद्धान्ताविषयी शंका उत्पन्न करतो. किंवा, प्रारब्धाचे भोग असेच हाती येतात हे तो बोलून न दाखविता भोगावयास लावतो. कोणते वाचन खरे, याविषयी दोन अभ्यासकांत मतभेद होऊ शकतो. ज्या वस्तूविषयी असा मतभेद संभवतो, तिच्या वाङ्मयीन हक्काविषयी वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही.

याच निकषावर समकालीन उदाहरण पाहावे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली आला, त्यापूर्वी २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. भावाला शोधणारी एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, पहाडी चित्रशैलीचा संस्कार, आणि कथाभाग सांगण्यासाठी छायाबाहुल्यांची शैली. त्याचे कौतुक प्रामुख्याने या दृश्यसमृद्धीसाठी झाले. पण बाहुल्यांचे प्रवेश चालू असताना खेळणाऱ्याचे हात रिकामे असतात. कलेचा दावा जेथे सर्वांत ठळक आहे, तेथे खेळ थांबलेला आहे. संगीत नाटकातील पदांविषयी हाच आक्षेप घेतला जाई, की गाणे सुरू झाले की नाटक उभे राहते. ‘राजी’चे खरे सामर्थ्य तिच्या अंगातील डोंबारी कसरतीत शोधावे लागते. खांबावर सरसर चढून उलटी झेप घेणारी ती मुलगी ज्या क्षणी खेळणाऱ्याच्या बोटांत येते, त्या क्षणी तिची भीती आणि तिचे धाडस सांगावे लागत नाही. मोक्षपटाइतके हे साधले आहे काय? पूर्णपणे नाही, राक्षस संपले की पुढचा दरवाजा उघडतो, आणि त्या उघडण्याला दुसरा अर्थ चिकटत नाही.

संग्रहालयांनी दिलेल्या मान्यतेला फार महत्त्व देऊ नये. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली चौदा खेळ संग्रहात घेतले, त्यांत ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ होते; पण ते वास्तुकला आणि आकल्पन यांच्या विभागात गेले, चित्र-शिल्पांच्या नव्हे. सावंतवाडीच्या गंजिफांचे उदाहरण येथे बोलके आहे. दशावतारी गंजिफाचे एकशे वीस गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग. एके काळी ते खेळावयाचे होते. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने त्यांचे चित्रकाम पुन्हा उभे केले, म्हणून ती परंपरा वाचली. आज ते पत्ते चौकटीत लावले जातात. ते हाताळण्याचे, लपविण्याचे, टाकण्याचे जे शास्त्र होते ते जाणणारे थोडे उरले आहेत. वस्तूला कला म्हणून जागा मिळाली ती तिच्यातला खेळ निवल्यावर.

‘पॅक-मॅन’च्या बाबतीतही हेच होणे शक्य आहे. यंत्र जपता येईल, त्यातील आज्ञावली जपता येईल. ते खेळणाऱ्याच्या हातात काय घडत असे याचे वर्णन जपण्यासाठी भाषा लागेल. कोल्हापूरच्या मैदानात अशी भाषा तयार झालेली आहे. ध्वनिक्षेपकावरून कुस्तीचे धावते वर्णन करणारा निवेदक पकड कोठे बसली, कोणता डाव हुकला, प्रतिडाव का साधला, त्या क्षणी दम कोणाचा तुटला, हे सामान्य प्रेक्षकाला कळेल आणि जाणकाराला पटेल अशा मराठीत सांगत असतो. घिस्सा, ढाक, लपेट, निकाल या संज्ञा त्याच्या तोंडी समीक्षेच्या संज्ञा होतात. विद्यापीठीय समीक्षेने तिच्याकडे आजवर लोकभाषेचा नमुना म्हणून पाहिले आहे. खेळणाऱ्याच्या श्रमाचे सौंदर्य सांगू शकणारी मराठी गद्याची ती एक प्रस्थापित शैली आहे, आणि ‘राजी’च्या एका झेपेचे वर्णन करावयाचे झाल्यास मर्ढेकरांच्या परिभाषेपेक्षा ती अधिक कामास येईल.